पाय कसा टाकायचा? (ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा : अहिंसा)



गेला आठवडाभर आपण तेराव्या अध्यायात रेंगाळतोय. ज्ञान म्हणजे काय, हे भगवंत सांगायला निघतात आणि सांगतात मात्र माणसाच्या वागण्याबद्दल. मानाची हाव नसणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा... यादी मोठी आहे. परवा अमानित्व झालं, काल अदंभित्व झालं. आज तिसरं लक्षण, अहिंसा.

खरं सांगते, या शब्दापाशी मी पूर्वी कधी थांबायचेच नाही. आपण कुठे कोणाला मारतो? मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करतो. म्हणजे हे लक्षण आपल्याला आधीच जमलंय, चला पुढे, असं मनात असायचं. हा गैरसमज धुळ्यातल्या एका वस्तीत, एका बंद होत जाणाऱ्या दारासमोर मोडला. आज तेच सांगायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी माऊली काय म्हणतात ते बघू. अहिंसेचं निरूपण ते मारामारीपासून सुरू करत नाहीत. ते सुरू करतात चांगल्या कामांपासून! पाऊस पडावा, लोक जगावेत म्हणून यज्ञ करायचा आणि त्या यज्ञाच्या बुडाशी पशूचा जीव घ्यायचा. रोग्याला वाचवायचं म्हणून झाडं मुळासकट उपटायची, साली सोलायच्या. मग एकाहून एक दाखले येतात. राहती घरं मोडून देऊळ बांधायचं. व्यवहारात लोकांना लुबाडायचं आणि वर अन्नछत्र घालायचं. डोकं झाकायला पांघरूण ओढलं तर खालचं अंग उघडं पडलं, अशी गत. सातशे वर्षांपूर्वी माऊलींनी हे बरोबर हेरलं होतं, की भलं करायला निघालेला माणूसही दुखवतो, आणि आपण भलं करतोय या समजात असल्यामुळे त्याला ते कळतही नाही.

आता माझी गोष्ट.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. घरी पहिला प्रश्न हाच होता, की सेवा काय शिकायची गोष्ट आहे का? मनात दया असली की झालं! पण ही शिकायची गोष्ट आहे, हे आपल्याकडेही फार आधी ओळखलं गेलंय. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. या शिक्षणात वर्गाइतकंच क्षेत्रकार्य महत्त्वाचं. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत जायचं, माणसांना भेटायचं, घरी येऊन जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं आणि ते आपल्या मार्गदर्शक मॅडमसमोर ठेवायचं.

मला पांझरेकाठची एक वस्ती मिळाली होती. तिथे एक ताई भेटल्या. दोन-तीन घरी पोळ्या करायच्या. नवरा पिणारा. मोठी मुलगी दहावीला, हुशार. बऱ्याच भेटींनंतर एका दुपारी त्यांनी मला हळूच सांगितलं, की पोळ्यांच्या पैशातले थोडे थोडे बाजूला काढून त्या मुलीच्या अकरावीसाठी साठवताहेत. नवऱ्याला पत्ता नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या खोलीत बायकांची बैठक होती. बचत गट उभा करायचा होता. बायका म्हणाल्या, "आमच्या घरी कसली बचत? माणसं हातात पैसा राहू देतात का?" आणि मी, उत्साहाच्या भरात, सगळ्यांसमोर त्या ताईंकडे हात करून म्हणाले, "या बघा! घरी कुणाला न कळता मुलीसाठी किती जमवलंय यांनी!" बायका हसल्या, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, लाजल्या.

त्या बायकांमध्ये त्यांची चुलत जाऊ बसली होती.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा दार अर्धंच उघडलं. हातातल्या बांगड्या नव्हत्या, मनगट सुजलेलं होतं. पैसे गेले होते. मी रडायलाच लागले, "ताई, मी तुमचं कौतुक..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "तू वाईट नही बोलनी, माय. भलंच बोलनी. पन ती गोट मन्ही व्हती."

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. तू वाईट नाही बोललीस, चांगलंच बोललीस. पण ती गोष्ट माझी होती.

दार लागलं.

त्या रात्री घरी जेवण गेलं नाही. आजीला सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की माझ्यामुळे एका बाईला त्रास झाला. आजीने ना समजूत काढली, ना रागावली. म्हणाली, "तेरावा काढ. माऊली सांगतात बघ, पाय कसा टाकायचा ते." आणि मी पहिल्यांदा अहिंसेचा तो भाग शब्द न् शब्द वाचला. वाचताना वाटलं, हा तर आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा आहे. माऊली अहिंसा कुठल्या मोठ्या कृतीत दाखवत नाहीत. चालणं, बोलणं, बघणं, हाताची हालचाल आणि शेवटी मन, अशा क्रमाने दाखवतात. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

पाय. अहिंसक माणूस चालतो कसा? कमळाच्या केसरांना धक्का लागेल म्हणून भुंगा हलके उतरतो, तसा. मांजरी पिल्लाला दातात धरते, पण दात रुतू देत नाही, तसा. मला माझे पहिले दिवस आठवले. हातात सर्वेक्षणाचा फॉर्म आणि सकाळी बरोबर नळाला पाणी आलेलं असताना मी दारात! बाई हंडा टाकून माझ्या प्रश्नांची उत्तरं देतेय, कारण कॉलेजची मॅडम आली आहे, नाही कसं म्हणणार? मी कुणाला मारलं नव्हतं. पण तिच्या दोन हंड्यांवर पाय दिलाच होता. आमच्या मॅडम म्हणायच्या, दारात उभं राहून आधी विचारायचं, "आत्ता येऊ का, की नंतर येऊ?" आणि "नंतर" ऐकायची तयारी ठेवूनच विचारायचं. समाजकार्याचं पहिलं कौशल्य मला विचाराल तर हे आहे. दुसऱ्याचं घर कितीही लहान असो, त्याचा उंबरठा मोठाच असतो.

वाणी. माऊली सांगतात, अशा माणसाच्या तोंडून शब्द यायच्या आधी माया पुढे आलेली असते. आणि बोलण्याआधी तो विचार करतो, की माझ्या बोलण्याने कोणाचं काही मोडणार तर नाही ना? कोणी दचकणार तर नाही ना? विचारल्याशिवाय तो बोलतच नाही. बैठकीतली मी आठवा. मला कोणी विचारलं होतं?

फेलिक्स बिएस्टेक नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते, समाजकार्याचे अभ्यासक. १९५७ साली त्यांनी मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातल्या नात्याची सात तत्त्वं मांडली. समाजकार्य शिकणारा विद्यार्थी आजही ती शिकतो. प्रत्येक माणूस वेगळा, त्याला वेगळाच समजून घ्या. त्याला मनातलं बोलू द्या. तुम्हीही भावनेने सोबत राहा, पण वाहून जाऊ नका. तो आहे तसा स्वीकारा. त्याचा न्यायनिवाडा करू नका. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. आणि त्याने सांगितलेलं जपा, म्हणजेच गोपनीयता. हे सातवं तत्त्व मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं, बरं का! गुणही चांगले होते.

वाणीची दुसरी बाजू म्हणजे ऐकणं. या बाबतीत आपल्या धुळ्याला एक मोठं भाग्य लाभलंय. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. हाच तेरावा अध्याय त्यांनी १५ मेच्या रविवारी सांगितला. खानदेशचा मे महिना कसा असतो ते मी सांगायला नको! आणि ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती साने गुरुजींमुळे. तेही तिथेच कैदेत होते, त्यांनी ती उतरवून घेतली. मी विचार करते, गुरुजी स्वतः केवढे मोठे लेखक! पण तिथे बसून त्यांनी दुसऱ्याचं बोलणं कानात आणि वहीत घेतलं. आम्हाला क्षेत्रकार्याचा अहवाल लिहायला शिकवतात तेव्हा हेच सांगतात, की समोरचा काय म्हणाला ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते वेगळं लिहा. दोन्हींची सरमिसळ नको. हे किती अवघड आहे ते एकदा करून बघा. आज आईचं पाच मिनिटांचं बोलणं मध्ये न तोडता ऐका आणि मग आठवून लिहा. निम्म्यात आपलंच मत निघेल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. गोपनीयता म्हणजे प्रत्येक गोष्ट पोटात ठेवणं नव्हे. कोणाच्या जिवाला धोका असेल तर ते आपल्या मार्गदर्शकांना सांगावंच लागतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारकच आहे. म्हणून "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन मोकळं व्हायचं नाही. "काही गोष्टी मला सांगाव्या लागतील, पण तेव्हा आधी तुला सांगेन," हे सुरुवातीलाच बोलायचं. खरेपणासुद्धा अहिंसाच आहे.

दृष्टी. माऊलींचा कासवीचा दाखला फार गोड आहे. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते, असं आपल्याकडे मानतात. तशी या माणसाची नजर. जिच्यावर पडेल त्याला बळ मिळतं. आता आपल्या पिढीची नजर कुठून जाते? मोबाईलमधून! धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, डिसेंबरात पारा किती उतरतो ते. रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटायला तरुण मुलं रात्री निघतात. फार चांगलं आहे. पण अर्धवट झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारून, ब्लँकेटचं एक टोक त्याच्या हातात आणि एक आपल्या हातात, असा फोटो निघतो ना, तेव्हा त्याची नजर बघा. ऊब मिळाली, पण चेहरा गेला. डोकं झाकायला गेलो आणि खाली उघडं पडलं. त्याला "फोटो काढू का बाबा?" असं विचारलं, तरी तो नाही म्हणू शकेल का? ब्लँकेट अजून आपल्याच हातात असतं. म्हणून आधी ब्लँकेट पूर्ण द्या. फोटोचं राहिलं तर राहिलं.

हात. या माणसाचे हात बहुतेक वेळा शांत असतात, असं माऊली सांगतात. हलले तर नमस्कारासाठी, अभय देण्यासाठी, नाहीतर आजाऱ्याला हळुवार स्पर्श करण्यासाठी. इथे मला पुन्हा साने गुरुजी आठवतात, अंमळनेरचे. १९२४ पासून ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असायच्या. गुरुजी ओरडायचे नाहीत. स्वतः खोली झाडायचे, अंथरुणं नीट घडी घालून ठेवायचे. मग मुलंच आपणहून आवरायला लागली, असं सांगतात. हात कामाला लागले होते, पण कोणाला खाली बघायला लावणारे नव्हते.

हाताचं आणखी एक पथ्य आहे, दुसऱ्याच्या हातातलं काम आपण हिसकावून न घेणं. ताईंच्या घटनेनंतर मी मॅडमकडे गेले ती तावातावाने. म्हणाले, "आपण पोलिसात जाऊ. मी आजच जाते." मॅडमनी विचारलं, "त्यांना काय हवंय, ते विचारलंस?" मी गप्प. मॅडम म्हणाल्या, "एकदा त्यांची गोष्ट त्यांना न विचारता सांगितलीस. आता त्यांचा निर्णयही त्यांना न विचारता घेणार आहेस का?" मग काय करायचं? त्यांना माहिती द्यायची. घरातल्या हिंसेपासून संरक्षणासाठी २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाईन क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे सगळं त्यांच्यासमोर ठेवायचं, त्या म्हणतील तेव्हा सोबत जायचं. आणि मुख्य म्हणजे, माफी मागायच्या नावाखाली स्वतःचं रडणं त्यांच्या अंगणात नेऊन ठेवायचं नाही. ते रडणं मॅडमसमोर करायचं, नाहीतर देवासमोर. त्यासाठीच मार्गदर्शक असतो.

मग शेवटी येतं मन. पाय, वाणी, डोळे, हात हे सगळे वरवरचे प्रवाह आहेत, झरा मनात आहे. जे तिथे असेल तेच बाहेर वाहणार. मी त्या रात्री स्वतःला विचारलं, बैठकीत बोलताना माझ्या मनात खरोखर काय होतं? ताईंचं कौतुक? थोडं होतं. पण त्याखाली दुसरंच होतं. बचत गट झाला असता तर तो माझ्या अहवालात आला असता. मॅडम खूश झाल्या असत्या. आणि बायकांना दिसलं असतं, की बघा, हिच्यावर लोक किती विश्वास ठेवतात, आपली गुपितं हिला सांगतात! मी ताईंना पुढे केलं आणि त्यांच्याआडून स्वतःलाच दाखवलं.

इथे मला भगवंतांच्या यादीचा क्रम कळला. अहिंसा तिसरी आहे. तिच्या आधी मानाची हाव सुटायला हवी, मग दंभ जायला हवा. ते दोन्ही माझ्यात तसेच होते, म्हणून अहिंसा टिकली नाही. काल अदंभित्वात आपण माऊलींचा शेतकऱ्याचा दाखला वाचला, आठवतोय? शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसा ज्ञानी माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पेरलेलं बी उघडं राहिलं तर पाखरं टिपतात. ताईंनी मुलीसाठी बी पेरलं होतं आणि नीट झाकलं होतं. मी ते उकरलं आणि वर सगळ्यांना दाखवलं, बघा किती छान बी आहे!

म्हणून मंडळी, समाजकार्याची कौशल्यं आणि नीतिमत्ता हे दोन वेगळे विषय आहेत असं मला आता वाटत नाही. कसं विचारायचं, कधी गप्प बसायचं, काय लिहायचं, काय लिहायचं नाही, हे सगळं अहिंसेचंच शिक्षण आहे. ते एका वाचनात येत नाही. चुकून, मॅडमसमोर कबूल करून, परत दारात उभं राहून येतं. आणि हे फक्त समाजकार्यकर्त्यांसाठी नाही. मैत्रिणीने रात्री फोनवर सांगितलेलं दुसऱ्या ग्रुपवर "तिच्यासाठी प्रार्थना करा" म्हणून टाकतो, तेव्हाही आपण कोणाचं तरी बी उकरतोच.

पुढे काय झालं? सगळं नीट झालं असं मी सांगणार नाही. गेलेले पैसे परत आले नाहीत. मी कितीतरी आठवडे त्या दारावरून जाताना फक्त मान लववायचे. ताईंनी कधी बघितलं, कधी नाही. निकाल लागल्यावर एक दिवस त्यांनीच हाक मारली. हातात अकरावीच्या प्रवेशाची कागदं होती. "हाई काय लिखेल शे, सांग." काय लिहिलंय ते सांग, म्हणाल्या. भर असं नाही म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. मुलीने स्वतः भरलं. मी फक्त शेजारी बसले होते.

आणि हे सगळं आज इथे लिहिण्याआधी मी ताईंना विचारलं, तेही एकदा नाही. त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, बदललेलं त्यांच्या मुलीने त्यांना वाचून दाखवलं. नको म्हणाल्या असत्या तर आजचं चिंतन दुसरंच झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिख. पोरी शिकतीन." लिही, मुली शिकतील. गोष्ट त्यांची होती, या वेळी त्यांनी ती दिली.

आजचा अभ्यास. आज दिवसभरात दुसऱ्या कोणाबद्दल काही सांगायला तोंड उघडाल, किंवा फॉरवर्डवर बोट ठेवाल, तेव्हा एक क्षण थांबा. ही गोष्ट कोणाची आहे? तिला विचारलंय का? एवढंच. रात्री झोपताना मोजा, किती वेळा थांबलात ते. माझं काल तीनदा झालं, दोनदा राहून गेलं.

माऊली, आमच्या पायांना हलकं कर. आमच्या शब्दांच्या पुढे माया चालू दे. कोणी विश्वासाने दिलेलं झाकून ठेवायची बुद्धी दे, आणि चुकलो तर त्याच दारात परत उभं राहायचं बळ दे.

उद्या क्षांती. तोवर, राम कृष्ण हरी!